चतुराबाईचे चार दिवस

नवरात्रात देवीच्या फुलोऱ्याची फणी करावी तर चतुराबाईनंच. हे गावात कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना मान्य होतं. गावात सगळ्यांना मान्य असलेल्या गोष्टी एरवी दोन-तीनच होत्या.

गाव केदारखेड्यापासून चार किलोमीटर आत. तिथं सातव्या माळेला घटावर फुलोरा बांधतात. रवा-मैद्याची घट्ट कणीक तिंबायची, तिच्या कडक पुऱ्या तळायच्या, आणि त्यांच्या जोडीला देवीचा साजशृंगार करायचा: वेणी, फणी, आरसा, पाळणा. सगळं कणकेचं, सगळं तळलेलं, दोऱ्यात ओवून घटावर टांगलेलं. वेणी कुणालाही जमते. फणीचे दात मात्र कढईत पडले की मोडतात, आणि दात मोडलेली फणी देवीला चालत नाही. चतुराबाईच्या फणीचा दात सहा वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

आता या कढईला बसायची गावाची रीत अशी, की ज्यांची पाळी गेली, विटाळ संपला, अशाच बायकांनी बसायचं. बाकीच्यांनी लांबून बघायचं. चतुराबाईचा नवरा धर्मराज वारला त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, डोहाळजेवणाला ती मागच्या रांगेत, लग्नात हळद लागायला लागली की ती आपली आपण उठून बाहेर. पण कढईपाशी कपाळ कुणी बघत नसे. तिथं हात बघत. त्यामुळं पन्नाशीत पाळी गेली तेव्हा इतर बायका जशा घाम पुसत कुरकुरतात, तशी चतुराबाई कुरकुरली नाही. तिला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

आणि वाटणारच. घरात ती एकटी. मुलगा हरिओम चाकणला कंपनीत, सून आणि नात प्रीती तिकडंच. दिवाळीला तीन दिवस यायचे आणि चौथ्या दिवशी घर पुन्हा रिकामं. रान बटईनं दिलेलं, मागच्या गोठ्यातली शेवटची गाय विकून चार वर्षं झालेली. दिवसभरात तिचं बोलणं म्हणजे सकाळी दूधवाल्याला 'पावशेर' आणि संध्याकाळी फोनवर हरिओमला 'जेवले'. वर्षातल्या त्या नऊ दिवसांत मात्र ती इतकं बोलायची, की आठव्या माळेला तिचा घसा बसायचा. धाकटी जाऊ कौसाबाई, जिच्याशी वाटणीपासून धड बोलणं नव्हतं, तीसुद्धा कढईपाशी खांद्याला खांदा लावून बसायची आणि म्हणायची, "अक्का, दात पाडायची रीत मला पन शिकीव की."

"मी मेल्यावर शिक," चतुराबाई म्हणायची. तिला ती कला कुणाला द्यायची नव्हती. दिली असती तर बोलावणं कशासाठी आलं असतं?

दोन वर्षांमागं पोळा झाला त्या आठवड्यात तिच्या लुगड्याला डाग लागला.

ती न्हाणीत उभी राहून बराच वेळ त्या डागाकडं बघत राहिली. मग तिला हसूच आलं. सत्तावन्नाव्या वर्षी कावळा शिवला! म्हातारचळ म्हणतात तो अंगालाही लागतो की काय? पण हसून झाल्यावर तिनं जे केलं ते ती तेराव्या वर्षापासून करत आली होती. ती घरातून उठून बाहेर बसली.

आता तुम्ही विचाराल, घरात दुसरं माणूस नाही, मग विटाळ कुणाला होणार होता? बरोबर आहे. पण चाळीस वर्षं अंगात मुरलेली गोष्ट असं विचारत नाही. चुलीला शिवायचं नाही, रांजणाला शिवायचं नाही, देवाला तर नाहीच. समोरच्या ओसरीवर बसावं तर गल्लीतल्या बायका विचारतील. म्हणून ती मागच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली. पोत्यावर बसायची, पोत्यावर झोपायची. हापशाचं पाणी बादलीत आणून तेच प्यायची. शिळ्या भाकरी संपल्या की चिवडा. देवघरातले देव अंधारात, कारण दिवा लावायला घरात दुसरं कुणी नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, दिवा लावला, देवांची माफी मागितली आणि तिच्यापुरता विषय संपला.

दहा दिवसांनी पुन्हा तेच. चार दिवस बसली, न्हाली, दिवा लावला. नवरात्र तोंडावर आलं होतं. कुणाला सांगावं तर कढई गेली. न सांगावं तर देवीचा अपराध. तिनं बोटांवर हिशोब केला, की घट बसायच्या आधी एकदा होऊन जाईल आणि मधले नऊ दिवस कोरडे निघतील. शरीरानं तिच्या बोटांचं ऐकायला हवं होतं, पण शरीराचा हिशोब वेगळाच चालला होता.

सातव्या माळेला देवळामागच्या खोलीत कढई तापलेली, पाच-सहा बायका गोल बसलेल्या, कुणाच्या तरी सुनेची मजेदार निंदा रंगात आलेली. चतुराबाईनं फणी तळहातावर घेतली, तेलात सोडली, आणि त्याच घटकेला मांडीशी ओलं लागलं. तिनं हात झटकन मागं ओढला. फणीचे तीन दात मोडून तेलात तरंगले.

"अगं बाई!" कौसाबाई म्हणाली.

"गुडघा," चतुराबाई म्हणाली. "गुडघा धरला माझा. तुम्ही करा, मी जाते."

ती लंगडत बाहेर पडली. लंगडणं खोटं होतं, डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मागं वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

यानंतर तिच्या मनानं जे घेतलं, ते घेतलंच. देवीच्या नैवेद्याला विटाळ लागला. आपण लबाडी केली. देवी कोपली, म्हणून आता हे थांबत नाही. बाई अडाणी होती असं नाही, चौथीपर्यंत शिकलेली होती, पोस्टातलं पासबुक वाचायची. पण भीतीला शिक्षण लागत नाही. आणि ज्या दुखण्याचं नाव पाप आहे, ते दुखणं घेऊन माणूस दवाखान्यात जात नाही.

सप्ताह आला, तिनं गुडघ्याचं सांगितलं. कार्तिकात तुळशीची लग्नं आली, गुडघा. बायकांनी दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं नाही. "चतुरा फुगली," त्या म्हणाल्या. "फणी मोडली ना, मान मोडल्यासारखं झालं तिला." हे तिला गोठ्याच्या कुडापलीकडून ऐकू आलं. त्या दिवशी तिची अकरावी बैठक चालू होती. चार दिवस म्हणता म्हणता पाच व्हायचे, सहा व्हायचे. मधल्या दिवसांत पांढरं जायचं, त्याला वास यायचा. ती दिवसातून दोनदा आंघोळ करायची, लुगड्याच्या घडीत कापूर ठेवायची, आणि कुणी जवळ येऊ नये म्हणून दाराला कडी लावून घ्यायची. कंबर दुखायची. ते ती वयावर ढकलायची. सगळ्यात वाईट काय होतं, तर कुणाला न सांगता घालवलेली संध्याकाळ. समोरच्या गल्लीत बायका धुणं वाळवत बोलत असायच्या आणि ती आतून फक्त आवाज ओळखायची: ही कौसा, ही भागवतची आई. दिवाळीला हरिओम आला तेव्हा ती नेमकी बसलेली होती. गोठ्यात कशी झोपणार? तिनं मन घट्ट केलं, घरात वावरली, नातीला मांडीवर मात्र घेतलं नाही. प्रीती दहा वर्षांची. रुसून म्हणाली, "आजी, तू मला जवळच घेत नाहीस." हरिओमनं हे ऐकलं, आणि आई म्हातारी झाली एवढाच अर्थ काढला.

गावात आशा सेविका म्हणून बेबीनंदा काम करायची. बौद्धवाड्यातली, चाळिशीची, पायात कायम बूट आणि खांद्याला गोळ्यांची पिशवी. दर वर्षी ती घरोघर फिरून एक फॉर्म भरायची. बीपी आहे का, साखर आहे का, तोंडात चट्टा आहे का. आणि बायकांना आवाज खाली आणून विचारायची, अंगावरून पांढरं, लाल जातं का? भोकरदनला तिशीवरच्या बायकांची तपासणी असायची, तिचंही सांगायची. चतुराबाईनं तीन वर्षं एकच उत्तर दिलं होतं, "मला काय धाड भरलीये?" चौथ्या वर्षी, म्हणजे त्या दिवाळीनंतर, बेबीनंदा आली तेव्हाही तिनं दारातूनच सांगितलं, "न्हाई, काही न्हाई." बेबीनंदा ओसरीच्या पायरीशी उभी होती. वीस वर्षांत ती पायरी ती चढली नव्हती. कुणी अडवलं नव्हतं, आणि कुणी 'वर ये' असंही म्हटलं नव्हतं.

माघात एक दिवस बेबीनंदा पुन्हा आली. दाराला आतून कडी नाही, बाहेरून कुलूप नाही, हाका मारल्या तर उत्तर नाही. एकट्या राहणाऱ्या बाईचं घर असं गप्प असलं की आशा दारातून परत फिरत नाही. ती वळसा घालून मागं गेली. गोठ्यात पोत्यावर चतुराबाई पाय पोटाशी घेऊन पडली होती, चेहरा पिवळा पडलेला.

बेबीनंदा धावत जवळ गेली, तशी चतुराबाई ओरडली, "शिवू नको मला!"

बेबीनंदा जागच्या जागी थांबली. हे वाक्य तिच्या घरात तीन पिढ्यांनी ऐकलं होतं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. ती एक पाऊल मागं सरली आणि पिशवीचा पट्टा नीट करत म्हणाली, "बराबर आहे. जाते मी."

"तसं न्हाई गं बाई," चतुराबाईचा आवाज फुटला. "तुला न्हाई म्हनले. मीच बाहेर बसलेय. मलाच शिवायचं न्हाई."

"बाहेर? कशाला?"

"कावळा शिवला."

बेबीनंदानं तिच्याकडं बघितलं, मग पोत्याकडं, बादलीकडं, चिवड्याच्या पुडीकडं. तिनं पिशवीतून रजिस्टर काढलं आणि पानं उलटली. "मावशी, तुमची पाळी जाऊन सात वर्सं झाली. हे बघा, माझ्याच हातानं लिव्हलंय. गेलेली पाळी परत येत न्हाई."

"मंग हे काय हाये?"

"कवापासून हाये?"

"पोळ्यापासून. ही सतरावी बार."

"सतरा!" बेबीनंदा मटकन खाली बसली, त्याच शेणानं सारवलेल्या जमिनीवर. "सतरा बार तुम्ही हितं येऊन बसल्या? एकट्या?"

मग चतुराबाई बोलायला लागली ती थांबेना. कढई, फणी, मोडलेले दात, देवीचा कोप, वास, कापूर, नात. नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि ती पदर तोंडात धरून बोलत होती. सहा महिन्यांत ती इतकं एकदम बोलली नव्हती. बेबीनंदानं ऐकून घेतलं. मग हात पुढं करून तिचं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं, आणि सोडलं नाही.

"माझ्या आजीनं छप्पन सालीच सोडलं हे समदं. आमच्यात कुनी बाहेर बसत न्हाई," ती म्हणाली. "आन् देवीचं म्हनाल, तर सतरा बार कोन रागावून राह्यतं मावशी? सासूसुद्धा एवढी रागवत न्हाई."

चतुराबाईला रडता रडता हसू आलं.

"उद्या सातच्या गाडीनं भोकरदनला जायचं. मी संगं येते. न्हाई म्हनलात, तर हितंच बसते मी पन."

भोकरदनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, सुनेच्या वयाची. तिनं पडदा ओढला, झोपायला सांगितलं. चतुराबाईला बाळंतपणानंतर कुणी असं बघितलं नव्हतं, आणि बाळंतपणही घरीच झालेलं. लाजेनं तिचे कान गरम झाले. तिनं बेबीनंदाचा हात इतका आवळला, की बेबीनंदाच्या बांगडीचा वण दोघींच्या हातावर उठला. पाच मिनिटांत झालं. दुखलं असं नाही.

डॉक्टरीणबाई हात धुऊन समोर बसली. "आजी, ही पाळी नाही. पिशवीच्या तोंडावर जखम आहे. छोटा तुकडा काढून तपासायला जालन्याला पाठवावा लागेल." मग तिनं विचारलं, "याआधी कधी तपासणी केली होती?"

"कशाची?"

डॉक्टरीणबाई चिडली नाही. ती थकल्यासारखी म्हणाली, "याच्यासाठीच सांगतो आम्ही. हे एका विषाणूनं सुरू होतं. पाप नाही, कोप नाही, सर्दीसारखाच एक विषाणू. तो बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो. कुणाकुणाच्या अंगात मात्र ठाण मांडून बसतो आणि दहा-पंधरा वर्षं हळूहळू खात राहतो. तिशीनंतर पाच-पाच वर्षांनी नुसतं बघून घेतलं असतं, तर अंकुर फुटायच्या आतच जाळून टाकलं असतं."

दहा-पंधरा वर्षं. म्हणजे धर्मराज असतानापासून. म्हणजे ती पहिली फणी करायला बसली तेव्हाही ते होतंच. चतुराबाईच्या मनातून देवी एकदम निघून गेली, आणि त्या रिकाम्या जागेत काय ठेवावं ते तिला कळेना.

जालन्याला रिपोर्ट आणायला ती एकटी गेली. बेबीनंदाची त्या दिवशी पोलिओची ड्यूटी होती. तिथंच मस्तगड भागात धर्मराजचा चुलतभाऊ राहतो, तिथं जाऊन चहा घेता आला असता. पण ते विचारणार, वहिनी, काय होतंय? काय सांगायचं? ती गेली नाही. रिपोर्ट तीन वाजता मिळणार होता, तोवर ती बसस्टँडच्या बाकड्यावर पिशवी पोटाशी धरून बसली. कागद इंग्रजीत होता. राजूरमार्गे येणाऱ्या गाडीत तिनं तो चारदा उलगडला आणि चारदा घडी घातली. शेजारी कॉलेजची पोरगी बसली होती, तिच्याकडून वाचून घेता आला असता. चतुराबाईनं तिच्याकडं दोनदा बघितलं आणि खिडकीकडं तोंड केलं. बेबीनंदा केदारखेड्याच्या फाट्यावर उभीच होती. तिनं कागद वाचला, नंतर भोकरदनला फोन केला, आणि फोन ठेवून कागदाची घडी घातली.

"सांग," चतुराबाई म्हणाली. "मेले तर कोन रडनार हाये? सांग."

"कॅन्सर हाये मावशी. पसरायला लागलेला हाये, पन लांब गेलेला न्हाई. संभाजीनगरला मशीनमधून किरनांचा शेक देतात. डॉक्टरीनबाई म्हनल्या, आताच आल्या म्हनून इलाज हाये. आनखी एक दिवाळी घालवली असती, तर न्हाई."

हरिओमला तिनं फोनवर सांगितलं, "पोटाचं हाये." त्यानं जे गूगल केलं असेल ते पोटाचं केलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, अल्सरच्या गोळीचं नाव घेऊन. चतुराबाईनं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर झालाय मला. अंगावर जाऊन राह्यलंय सहा महिन्यांपासून." पलीकडून हरिओमच्या रडण्याचा आवाज आला. पस्तीस वर्षांचा बाप्या. "आई, मला आधी का न्हाई सांगितलं?" आता याला काय उत्तर द्यायचं? मुलाला सांगायची गोष्ट नव्हती, सून लांब, लेक नाही, नवरा गेलेला, जाऊ वैरीण. सांगायला माणूस लागतं, हे हरिओमला कधी कळलं नव्हतं, कारण त्याला सांगायला कायम आई होती.

तो आला, संभाजीनगरला घेऊन गेला, दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत खाट मिळवून दिली. चार दिवसांची सुट्टी संपल्यावर तो परत गेला. आठवड्यातले पाच दिवस शेक, पाच आठवडे, शिवाय आठवड्याला एक सलाईन. पोटावर शाईच्या रेघा काढल्या आणि सांगितलं, इथं साबण लावायचा नाही, चोळायचं नाही. सतरा वेळा डोक्यावरून पाणी घेणारी चतुराबाई आता रेघा पुसतील म्हणून आंघोळीला भ्यायची.

शेकाच्या खोलीचं दार जाड होतं. तिला टेबलावर झोपवून, नीट सरकवून, सगळे बाहेर जायचे. दार लागायचं. मशीन डोक्यावरून हळूच फिरायचं. चार-पाच मिनिटं, पण तेवढा वेळ तिच्याजवळ कुणी थांबू शकत नसे, डॉक्टरसुद्धा नाही. इथं 'शिवू नको' असं म्हणायचीही गरज नव्हती. पहिल्या दिवशी ती त्या टेबलावर मोठ्यानं म्हणाली, "कुनी हाये का?" मशीन घुमत राहिलं.

बाहेर बाकड्यांवर बायका बसलेल्या असायच्या. कुणी परतूरची, कुणी बीडची, एक तर फक्त अडतीस वर्षांची. बोलता बोलता कळायचं, प्रत्येकीनं कुठंतरी सहा महिने, वर्ष घालवलेलं होतं. कुणी पाळीचा घोळ समजून, कुणी गरमी समजून, कुणी नवऱ्याला काय वाटेल म्हणून. चतुराबाईला आधी वाटलं, आपलीच चूक. मग वाटलं, आपण इतक्या जणी आपापल्या गोठ्यात बसलो होतो आणि एकमेकींना दिसलो नाही. त्या संध्याकाळी तिनं हरिओमला स्वतःहून फोन लावला. "प्रीतीला ह्या कॅन्सरची लस टोचून घे. पोरींना लहानपनीच देतात, हितं भिंतीवर लिव्हलंय. लाजू नको. माझं नाव सांग."

ज्येष्ठात ती घरी आली. अंग अर्धं झालेलं, पण अंगावर जायचं थांबलेलं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, फाटकाशी उभ्या राहिल्या, फाटकाशीच बोलल्या. तिनं चहा ठेवला तर प्रत्येकीला नेमकं घरी काहीतरी उतू जात होतं. कॅन्सर पेल्यातून लागतो असं कुणीतरी सांगितलेलं. बेबीनंदा घरोघर सांगत फिरली, शिवल्यानं होत नाही, उष्ट्यानं होत नाही. बायकांनी मान हलवली आणि तरी आल्या नाहीत. बेबीनंदा मात्र यायची. आता पायरीशी उभी नाही, चुलीपाशी बसायची आणि आपल्या हातानं रांजणातलं पाणी घ्यायची. पहिल्यांदा तिनं तांब्या बुडवला तेव्हा चतुराबाईचा जीव एकदा वर-खाली झाला, हे खरं सांगायला हवं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पण बेबीनंदाच्या मागं अख्ख्या गावाचं काम, ती किती वेळ बसणार?

श्रावणात डॉक्टरनी तपासून सांगितलं, आता काही दिसत नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. घट बसले. बोलावणं आलं नाही. आजारी माणसाला त्रास नको, असा निरोपही कुणी पाठवला नाही. सहा माळा तिनं घरातून आरती ऐकली. सातव्या माळेला ती न्हाली, धुवट लुगडं नेसली आणि न बोलावता देवळामागच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

बायकांनी जागा केली. जरा जास्तच जागा केली. कौसाबाईच्या हातात फणी होती, वेडीवाकडी, दात एकमेकांत गेलेले. चतुराबाई बसली, पण कणकेला हात लावला नाही.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "गेल्या साली माझा गुडघा दुखत नव्हता. मला अंगावर जात व्हतं. पाळी समजून मी सतरा बार गोठ्यात बसले. ती पाळी नव्हती, कॅन्सर व्हता. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी ती पाळी नसते."

"अक्का, देवीपुढं काय बोलून राह्यली!" कौसाबाई म्हणाली.

"देवीपुढंच लपवलं व्हतं, म्हनून देवीपुढंच सांगते. तुम्ही समद्या एकदा तपासून घ्या. बेबीनंदा नेते. मला ह्या कढईपायी उशीर झाला."

तेल कडकडत राहिलं. एकीनं घंगाळातलं पाणी उगाच ढवळलं, एकजण दोरा ओवायला लागली. फणी कर असं तिला कुणी म्हटलं नाही. थोडा वेळ वाट बघून चतुराबाई उठली. घरी येऊन ओसरीवर बसली तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं, की सांगून आपण ही कढई कायमची घालवली. न सांगता घालवली असती, तर निदान त्या आपल्याशी बोलल्या तरी असत्या. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागं सरपण आणायला गेली, तर गोठ्याच्या मेढीला टेकून कौसाबाई उभी. चपला हातात. कुणी बघत नाही ना म्हणून मागून कुडातून आलेली. वाटणी झाल्यापासून बारा वर्षांत तिनं या अंगणात पाय ठेवला नव्हता.

"काय गं कौसे?"

कौसाबाईनं मागं कुडाकडं बघितलं. चतुराबाई दोन पावलं पुढं आली, तशी ती घाईघाईनं मागं सरली.

"अक्का, शिवू नको मला."

चतुराबाईच्या हातातलं सरपण खाली पडलं. कौसाबाईची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, हे तिला रजिस्टर न बघता ठाऊक होतं. काल हीच कढईला बसली होती. हीच फणी करत होती.

"कितवी बार?" तिनं विचारलं.

"दुसरी." कौसाबाई रडायला लागली. "काल तू बोलली तवा मला वाटलं, तुला कुनी सांगितलं का काय. अक्का, मी मरन का गं?"

दुसरी. चतुराबाईनं मनात आपल्या सतरातून दोन वजा केले: कौसा पंधरा बार आधी आली होती. ती पुढं गेली आणि जावेचे दोन्ही हात धरले.

"उद्या सातची गाडी हाये भोकरदनला. बेबीनंदाला मी सांगते. भाकरी खाऊन ये, उपाशी येऊ नको. डॉक्टरीनबाई चांगली हाये. दुखत न्हाई. लाज वाटते, पन ती पाच मिन्टं."

कौसाबाईनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. चतुराबाईनं सोडले नाहीत.